खाली ठेवलेला चाकू

पुंडलिकरावांकडे अकरा चाकू होते. सगळे घडीचे, खिशात मावणारे. बिस्किटाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेले असत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल नाल्यावरून धुऊन आणले, त्यांच्या खांद्यांना हळद-तूप लावून झालं, की पुंडलिकराव हा डबा घेऊन ओट्यावर बसत आणि एकेका चाकूला शिलाई मशीनचं तेल देत. "बैलायले तूप, यायले तेल. दोघंबी वर्षभर राबतेत," म्हणत.

मी लिहिणारा माणूस नाही. बोरी अरबच्या पोस्टात चौतीस वर्षं होतो, पण ती दुसऱ्यांची पत्रं. वाटली, कोणाला वाचून दाखवली, एवढंच. स्वतः चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. आता लिहितो आहे, कारण पुंडलिकरावांच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. सात वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. का बोललो नाही ते त्यांना कळलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत. जमेल तसं सांगतो.

माणूस उंच, अंगाने काटक, चालताना थोडा पुढे झुकलेला. वडिलोपार्जित नऊ एकर. कापूस, तूर, नंतरच्या काळात सोयाबीन. डाव्या खिशात चुना-तंबाखू, उजव्या खिशात चाकू. घरून निघताना चप्पल विसरतील, पण चाकू नाही. शेतात सुतळी कापायला, बैलाच्या खुरातला काटा काढायला, बांधावरची सीताफळाची फांदी छाटायला, दुपारी कांदा चिरायला, सगळ्याला तोच. मात्र रोज एकच नेत नसत. अकरांतला कोणता आज न्यायचा ते सकाळी ठरायचं. तानावहिनी, म्हणजे त्यांची बायको तानाबाई, म्हणायच्या, "बाया लुगडं निवडाले वेळ लावत नाही इतका वेळ लावते हा माणूस."

आमची ओळख चाकूवरूनच झाली. साल चौऱ्याऐंशी. मी पोस्टात नवा होतो. दारव्ह्याहून टपालाची थैली यायची, तोंडाला सुतळी आणि वर लाखेचं सील. ऑफिसचा चाकू इतका बोथट की मी ती सुतळी करवतीसारखी घासत बसलो होतो. खिडकीपाशी पत्राची वाट पाहत एक माणूस उभा होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मास्तर, सुतळी कापून राह्यले का तिले गुदगुल्या करून राह्यले?"

मी ओशाळलो. त्यांनी खिशातून चाकू काढला, पातं उघडलं, खिडकीतून हात घालून माझ्या टेबलावर ठेवला. मी उचलला, एका झटक्यात सुतळी कापली आणि परत टेबलावर ठेवला. त्यांनी उचलून घेतला.

त्यानंतर चौतीस वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे असंच चाललं. थैली यायच्या वेळेला ते हजर. टेबलावर चाकू ठेवायचे, मी उचलायचो. पत्र असो नसो. पुढे ऑफिसला नवा चाकू मिळाला, तो मी खणात टाकून दिला.

इथे माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. आम्ही बौद्ध. माझे बाबा उकंडा, गावात सालदार होते. वर्षाच्या कराराने दुसऱ्याच्या शेतात राबायचं. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. गाव काही एका दिवसात बदललं नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना बाबांबरोबर गावात जायचो, तेव्हा लोक त्यांना भाकर असो की तंबाखू, हातात देत नसत. ओट्याच्या कडेला ठेवत आणि हात पटकन मागे घेत. तो मागे जाणारा हात मी इतक्या वेळा पाहिला आहे की डोळे मिटले तरी दिसतो. एक दिवस एका ओट्यावर तंबाखू अशीच खाली ठेवली गेली. बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले, मग माझं बोट धरून तसेच निघाले. रस्त्यात म्हणाले, "धर्मपाल, खाली ठेवलेलं उचलाचं नाही. उपाशी राह्यलो तरी नाही." बाबा कमी बोलायचे. त्यांनी मला शिकवलेली अशी स्पष्ट गोष्ट ही एकच.

तो ओटा पुंडलिकरावांच्या वडिलांचा होता.

म्हणून पहिल्यांदा पुंडलिकरावांनी घरी चहाला बोलावलं तेव्हा मी दोन महिने टाळलं. गेलो तेव्हा कपाकडे बघत होतो. ही माझी सवय. कुठे गेलं की आपला कप वेगळा आहे का, ते आधी बघायचं. वहिनींनी ट्रेमध्ये चार कप आणले, सगळे सारखे, एकाचा कान तुटलेला. तो कानतुटका पुंडलिकरावांनी स्वतः उचलला. पुढे कितीदा गेलो, जेवलो. कानतुटका कप कायम त्यांच्याकडेच असायचा. हे मला माहीत होतं. पुढे जे झालं तेव्हाही माहीत होतं.

चाकूंच्या गोष्टी ते सांगायचे, पण कोणी विचारलं तरच. एक लांब पात्याचा, खटका दाबला की उघडणारा, एका ट्रक ड्रायव्हरने दिलेला. याला घराबाहेर काढायचे नाहीत. वहिनींचं त्यावर एकच वाक्य ठरलेलं, "एखाद्या दिवशी पोलिसानं हा डबा पाह्यला ना, तर तुमचा फोटो पेपरात येईन. जिंदगीत पह्यलाच फोटो, थोबी असा."

एक लाल रंगाचा परदेशी. कोणाचा तरी जावई बाहेरून घेऊन आला होता. त्यात चाकू, कात्री, पेचकस, चमचा, काय काय. पुंडलिकरावांचं त्याच्यावर मन नव्हतं. "चमचा कायले टाकला याच्यात?" ते मला विचारत. "त्या लोकायले हात नाही काय?" पण तेल त्यालाही द्यायचे.

एक पितळी मुठीचा, देवसिंग नावाच्या तांड्यावरच्या मित्राचा. दोघं तरुणपणी एकत्र बैलबाजार करायचे. देवसिंग गेला तेव्हा त्याच्या मुलाने हा चाकू आणून ओट्यावर ठेवला होता. पुंडलिकराव तो कधी वापरत नसत. "याले अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे," म्हणायचे आणि खरंच नाकाशी नेऊन बघायचे.

एक अगदी छोटा, मासोळीच्या आकाराचा, हिरव्या मुठीचा. जत्रेत मिळतात तसला. तो त्यांच्या मुलीचा. लहानपणी ती त्याने कैऱ्या चिरायची, मीठ लावून सगळ्या गल्लीला वाटायची. लग्न होऊन झरी जामणीकडे गेली, तेव्हा चाकू कोनाड्यात राहिला. मी म्हटलं, "पुढच्या खेपेले येईन तेव्हा देऊन टाका ना."

ते म्हणाले, "लेकीच्या हाती चाकू देत नसतेत, मास्तर."

मला वाटलं, असेल काही त्यांच्यातली रीत. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि एक शिंगाच्या मुठीचा, त्यांच्या वडिलांनी वणीच्या रंगनाथस्वामीच्या जत्रेतून आणलेला. डब्यात सगळ्यांत खाली. त्याला तेल द्यायचे, परत गुंडाळायचे. त्याची गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही. त्यांना एक मोठा भाऊ होता, तरुणपणीच घर सोडून गेला, हे मला गावातून माहीत होतं. त्या भावाचा आणि या चाकूचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

त्यांचा सगळ्यांत आवडता मात्र कलमाचा चाकू. मूठ तिवसाच्या लाकडाची, स्वतः घासून केलेली. पातं फिरत्या गाडी लोहारांच्या पालावर ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून ठोकून घेतलेलं. धार लावून लावून पातं बोटाएवढं बारीक झालं होतं. याच चाकूने ते रानबोरीवर गोड बोरीचे डोळे भरायचे. गावातल्या कितीतरी बांधांवरच्या बोरी त्यांच्या हातच्या आहेत. एक्क्याण्णव साली माझा मुलगा संघदीप झाला, तेव्हा ते न बोलावता माझ्या अंगणात आले. कुंपणाला एक रानबोर उगवली होती, तिला बघून बसले. खोडावर उभा-आडवा छेद घेतला, साल अलगद उचलली, आत डोळा बसवला आणि सुतळीने बांधला. सगळं इतक्या हळू की मला वाटलं, झाडाला कळलंसुद्धा नसेल.

"पोराले बोरं खाता येतीन तवा झाडबी मोठं झालेलं राहीन," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मलेबी शिकवा हे."

"शिकवतो ना. पण मास्तर, याले उतावळा हात चालत नाही. तुमी रिटायर व्हा, मंग पाहू."

बोर खरंच संघदीपच्या बरोबर वाढली. दर थंडीत टोपली भरून बोरं. पुंडलिकराव चव बघायचे, बी थुंकायचे आणि "बरी आहे" एवढंच म्हणायचे. दुसऱ्या कोणी वाईट म्हटलं तर मात्र त्याची खैर नसायची.

मी अठरा साली निवृत्त झालो. पुंडलिकरावांनी शेतात रोडग्यांचा बेत केला. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याचं भरीत, डाळ. आंब्याखाली ताडपत्री अंथरलेली. गावातली पंधरा-वीस माणसं होती. मला पंगतीच्या मधोमध बसवलं. मला असं मधोमध बसणं जमत नाही, मी खाली बघून जेवत होतो.

जेवण झाल्यावर पुंडलिकराव उठले. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले. खिशातून कलमाचा चाकू काढला. नवीन पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला होता. माझ्यासमोर येऊन ते उकिडवे बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "हा तुमचा. आता शिकवतो तुमाले."

मी हात पुढे केला.

त्यांनी माझ्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं, आणि चाकू खाली, ताडपत्रीच्या बाहेर मातीवर ठेवला. आणि हात मागे घेतला.

तो हात मी ओळखला. माझा हात तसाच पुढे राहिला होता. मागे आराजवळ कोणीतरी हसलं. कशावर हसलं मला माहीत नाही. रोडगा जळाल्यावरही हसलं असेल. पण त्या क्षणी मला बाबा दिसले, तो ओटा दिसला, आणि वाटलं, चौतीस वर्षं घरी ठीक आहे, चार लोकांसमोर यांचाही हात मागेच जातो.

"घ्या ना," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने उजळला होता, हे मला आता आठवतं. तेव्हा मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मातीकडे पाहत होतो.

मी उठलो. "मले निघाव लागते. घरी पाहुणे येनार आहेत," म्हणालो. कोणी पाहुणे येणार नव्हते. चाकू तिथेच मातीवर राहिला. बांधापर्यंत गेल्यावर एकदा वळून बघितलं, ते अजून तसेच उकिडवे बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. मी आतल्या खोलीत होतो, बायकोला सांगितलं, घरी नाहीत म्हणून सांग. माझी बायको शीला, तिला खोटं बोलता येत नाही. ती दारात जाऊन नुसतीच उभी राहिली. मला आतून ऐकू येत होतं.

"मास्तर नाही काय?"

मग हळू आवाजात,

"माह्यं काही चुकलं काय, वहिनी?"

थोड्या वेळाने त्यांची चप्पल वाजली. आठ दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा तेच. त्यानंतर आले नाहीत.

शीलाने मला विचारलं, काय झालं. मी तिलाही सांगितलं नाही. काय सांगणार? मातीवर चाकू ठेवला म्हणून? तोंडाने बोललं की ते लहान होतं आणि मनात ठेवलं की मोठं. मी मनात ठेवलं. त्याच वर्षी संघदीपला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कायमची नोकरी लागली, आणि आम्ही यवतमाळला त्याच्याकडे राहायला आलो. बोरी अरबच्या घराला कुलूप. बोर कुंपणाशी तशीच.

दोन वर्षांनी शीला वारली. पुंडलिकराव भेटायला येतील असं मला वाटलं. आणि येऊ नयेत असंही वाटलं. आले नाहीत. मागाहून कळलं, ते तेव्हा पाय मोडून खाटेवर होते.

तेवीस साली मी त्यांना एकदा यवतमाळच्या बसस्टँडवर पाहिलं. बाकावर बसून मोसंबी सोलत होते. तो पितळी मुठीचा चाकू, देवसिंगचा, जो ते कधी वापरत नसत. खूप म्हातारे दिसत होते. शेजारी एक मूल रडत होतं, त्याला त्यांनी दोन फोडी दिल्या. मी खांबाच्या मागे उभा राहिलो. मनात म्हटलं, त्यांनी इकडे पाहिलं तर जाईन. दारव्ह्याची गाडी लागेपर्यंत मी तिथे उभा होतो. त्यांनी पाहिलं नाही. वीस पावलांचं अंतर होतं. ती वीस पावलं मी अजून रोज मोजतो.

या माघात पुंडलिकराव गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. मला कोणी कळवलं नाही, कळवायचं कारणही नव्हतं. तेरवी झाल्यावर तानावहिनींचा फोन आला. नंबर त्यांनी कुठून मिळवला माहीत नाही.

"भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मग, "तुमची एक वस्तू आहे घरात. घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. घर तेच. ओट्याला फरशी बसवली होती. वहिनी खाली बसू शकत नाहीत, गुडघे गेले आहेत. ओट्यावरच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा घनश्याम मला बघून उठला, पाणी आणलं. सून चहा घेऊन आली. चार कप, सारखे. कानतुटका कप नव्हता. कधी फुटला असेल तो.

वहिनींनी घनश्यामला डबा आणायला सांगितलं. त्याने आणला. वहिनींनी वरवरची फडकी बाजूला केली आणि एक पांढरं फडकं काढून त्याच्याकडे दिलं. "मास्तरले दे."

घनश्यामने फडकं सोडलं. कलमाचा चाकू. त्याने तो हातात धरून माझ्याकडे केला. मी हात पुढे केला.

"घनश्याम," वहिनी एकदम म्हणाल्या, "खाली ठेव."

त्याने जीभ चावली. खाली वाकला, चाकू माझ्या पायाजवळ फरशीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

याच घरात, याच ओट्यावर. मला वाटलं, उठावं आणि जावं. सात वर्षांपूर्वी गेलो होतो तसं. पण या वेळी घनश्यामकडे पाहिलं. तो अपराधी चेहऱ्याने आईकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"इतका मोठा झाला तरी आठवन राहत नाही याले," वहिनी मला म्हणाल्या. "बापानं कधी पोटच्या पोराच्या हातात चाकू देला नाही. माह्या हातात नाही, कोनाच्याच नाही. मले कांदा चिराचा असला तरी चुलीपाशी खाली ठेवाचे, मंग मी उचलाची."

"काहून?" मी विचारलं.

"हातातून हातात चाकू देला की नातं कापते म्हनतेत ना. तुमच्यात नाही काय?"

आमच्यात नाही. आम्ही असलं मानत नाही. निदान बाबांनी मला शिकवलं नाही.

वहिनींनी डब्याच्या तळाशी हात घातला आणि शिंगाच्या मुठीचा चाकू वर काढला. "यायच्या मोठ्या भावाले यायनं हा चाकू हातात देला होता. सोळा वर्षाचे होते हे. त्याच आठवड्यात भावाचं अन् बापाचं भांडन झालं. भाऊ गेला थो गेलाच. मेला का जिता आहे, आजवर मालूम नाही. हे म्हनत, मीच कापलं. लोक हसत यायले. मीबी हसाची. पन यायनं जन्मभर कोनाच्या हातात चाकू देला नाही."

मी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं त्यायनं?"

"तुमाले कायले सांगाव?" वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "त्यायले वाटे, तुमाले ठाऊक आहे. पोस्टातल्या टेबलावरून तुमीच तर उचलत होते इतकी वर्सं. परत ठेवतबी टेबलावरच. घरी येऊन सांगत मले, मास्तर समजदार मानूस आहे, कधी हातात मांगत नाही."

मी खाली फरशीकडे बघत होतो. टेबल होतं म्हणून ठेवत होतो. टेबलामुळे चौतीस वर्षं मला काही दिसलं नव्हतं आणि त्यांना जे दिसलं ते माझ्यात नव्हतं.

"मंग त्या दिवशी तुमी उठून गेले," वहिनी सांगत होत्या. "हे घरी आले. जेवले नाही. मी म्हटलं, काय झालं. तर म्हनत, खाली ठेवला होता मी. हातात नाही देला. खाली ठेवला तरी कापलंच." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तवापासून हा वापरला नाही. एकाबी झाडाले डोळा नाही भरला. पोळ्याले तेल द्याचे, गुंडाळून ठेवाचे. कोनी विचारलं किती चाकू आहे, तर म्हनत, दहा माहे. एक मास्तरचा."

घनश्याम उठून आत गेला. मला वाटतं, तो मुद्दाम गेला.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमी कायले रागावले होते? आता तरी सांगा. त्यायले तर कळलं नाही, मले तरी कळू द्या."

न सांगणं सोपं होतं. सात वर्षं तेच केलं होतं. पण या वेळी सांगितलं. बाबांविषयी, तंबाखूविषयी, मागे जाणाऱ्या हाताविषयी. तुटक तुटक सांगितलं, नीट जमलं नाही. वाटलं, त्या चिडतील. म्हणतील, आमच्या घरी जेवला आणि असं समजला.

त्यांनी ओट्याच्या कडेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचं थे खोटं नाही. माह्या सासऱ्यानं तुमच्या बाबाले याच ओट्यावर तसं देलं असन. मी लग्न होऊन आली तवा मीबी पाह्यलं आहे. मीबी ठेवलं आहे तसं, भाऊजी, दुसऱ्यायले." पुढे म्हणाल्या, "पन यायचं थे नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

चहावर साय आली होती.

चाकू माझ्या पायाजवळ पडला होता. तिवसाच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याची जागा झिजून खोलगट झालेली दिसत होती. बाबांनी सांगितलेलं मी पासष्ट-सहासष्ट वर्षं पाळलं. खाली ठेवलेलं उचललं नाही, लग्नकार्यात नाही, ऑफिसात नाही, कुठे नाही. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. बाबा चुकले नव्हते. मी वाकलो आणि चाकू उचलला.

"सांभाळा," वहिनी म्हणाल्या.

गाडीला वेळ होता म्हणून माझ्या बंद घराकडे गेलो. बोरीला शेवटची बोरं होती, बरीचशी खाली पडून सुकलेली. खोडावर हात फिरवला. डोळा भरल्याची जागा अजून गाठीसारखी हाताला लागते. गाठीच्या खाली एक नवा धुमारा फुटला होता, रानबोरीचा, काटेरी. असा फुटला की तो छाटावा लागतो, नाहीतर वरचं गोड झाड मरतं, एवढं मला त्यांच्याकडून ऐकून माहीत होतं. चाकू उघडला. कुठून छाटायचा, किती तिरपा, ते कळेना. चुकून डोळ्यालाच लागला तर? थोडा वेळ उभा राहिलो आणि चाकू मिटला. ते शिकवणार होते मला.

यवतमाळला, लोहाऱ्यातल्या घरी पोहोचलो तेव्हा सून प्रियंकाने दार उघडलं. माझ्या शर्टाच्या खिशावर डाग पडला होता. फडक्यातलं मशीनचं तेल, मागच्या पोळ्याचं.

"बाबा, शर्ट टाका धुवायला, डाग पक्का होईल," ती म्हणाली.

हो म्हटलं. अजून टाकलेला नाही.